तीन बॉलचं टेबल: विल्सन जोन्स स्मरण प्रकल्पाच्या नोंदी

2 मे 2025

आज बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स यांचा जन्मदिवस. 1922 साली ते पुण्यात जन्मले. कामाचा श्रीगणेशा आजच करायचा हे मनाशी कधीचं ठरलं होतं. आमच्या हॉलच्या मागच्या खोलीत त्यांच्या नावाचा एक कोपरा करायचा, भिंतीवर मोठा फलक, खाली काचेच्या पेटीत जुन्या वस्तू, एवढी कल्पना. समितीने होकार दिला, खर्चाची मर्यादा सांगितली आणि जुलैअखेर पुरं करा म्हणून बजावलं.

संध्याकाळी पूलच्या टेबलांवर खेळणाऱ्या सहा-सात मुलांना विचारलं, विल्सन जोन्स माहीत आहेत का? एकानेही मान हलवली नाही. पंकज अडवाणी सगळ्यांना ठाऊक. त्याचाही जन्म पुण्याचा, 1985 चा, हे एकाने लगेच सांगितलं. मग मी सांगितलं की 1958 मध्ये कोलकात्याला जोन्स जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले आणि वैयक्तिक खेळात भारताला पहिला जगज्जेता मिळाला. क्रिकेटचा विश्वचषक यायला तेव्हा पंचवीस वर्षं होती.

"म्हणजे पूलमध्ये?" एकाने विचारलं.

"बिलियर्ड्समध्ये."

"तेच ना ते?"

ते तेच नाही हे दोन वाक्यांत सांगायला गेलो आणि अडखळलो. तीन बॉल, त्रिकोणात मांडायचा रॅक नाही, तो फोडायचा ब्रेक नाही. "मग बाकीचे बॉल कुठे असतात?" या प्रश्नावर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. रात्रभर तो प्रश्न डोक्यात होता.

6 मे

फलकाचा पहिला मसुदा लिहिला. बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा, त्यातलं पहिलं 1950 चं. स्नूकरचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा. जागतिक विजेतेपद दोनदा: 1958 कोलकाता आणि 1964 न्यूझीलंड. अर्जुन पुरस्कार. 1965 ला पद्मश्री. नव्या खेळाडूंना घडवल्याबद्दल 1996 ला द्रोणाचार्य. ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईत निधन.

त्याच मुलांना वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं, अदबीने ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा टेबलाकडे वळली. त्यांचा काही दोष नाही. आकडे सगळे खरे आहेत, पण वाचून माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. बाराच्या जागी आठ लिहिलं असतं तरी त्यांना काही वेगळं वाटलं नसतं. निघता निघता एकाने विचारलं, "पण ते खेळायचे काय? म्हणजे टेबलावर करायचे काय?"

या प्रश्नावरच सगळं काम बेतायला हवं. गवयाची आठवण ठेवायची तर त्याची चीज कुणीतरी गायला हवी. खेळाडूचा खेळ ज्याला कळत नाही, त्याने त्याचा फोटो पाहून काय आठवायचं?

8 मे

समितीपुढे नवा प्रस्ताव ठेवला. फलक असू दे, पण लहान. मागच्या खोलीतलं जुनं मोठं टेबल दुरुस्त करून त्यावर तीन बॉल मांडायचे आणि येणाऱ्याने स्वतः खेळून बघायचं. खर्च वाढणार म्हणून कुरकुर झाली. वर्गणी काढायची ठरली. मंजूर.

11 मे

टेबल उघडलं. गेली कित्येक वर्षं त्यावर प्लायवूड टाकून कॅरमचे बोर्ड आणि खुर्च्या रचल्या जात होत्या. प्लायवूड काढताना धूळ इतकी उडाली की दोघांना बाहेर जावं लागलं.

खाली जे आहे ते उत्तम आहे. आठ पाय, सागवानाची चौकट, आतून बाहेरून भक्कम. पूर्ण मापाचं, बारा फूट बाय सहा फूट. आमची पूलची टेबलं याच्यापुढे पाटासारखी दिसतात. कापडाखाली स्लेटच्या पाच लाद्या आहेत, चौकटीसकट वजन दीड टनाच्या घरात. म्हणूनच ते इतकी वर्षं कुणी हलवलं नसावं. कापड गेलेलं आहे: बॉल्कच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या टोकाकडच्या, रेषेजवळ विरलंय, एका कोपऱ्यात उंदराने खाल्लंय. कुशन, म्हणजे कडेची रबरी गादी, बोटाने दाबून पाहिलं. पाचांत रबर जिवंत आहे, एक मेलेलं.

टेबलाखालच्या खणात लाकडी डबी सापडली. आत तीन बॉल. एक पांढरा, एक ठिपक्याचा पांढरा, एक तांबडा. हल्ली दुसऱ्या खेळाडूचा बॉल पिवळा असतो. पूर्वी दोघांचेही पांढरे, फक्त एकावर काळा ठिपका. तांबडा बॉल हातात घेतला तर अंगावर बारीक तडे, जुन्या चिनी मातीच्या बशीला असतात तसे. हे क्रिस्टलेटचे, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकचे, बॉल. त्याआधी हस्तिदंताचे असत आणि 1970 नंतर आजचे राळेचे आले. जोन्स यांच्या उमेदीच्या काळात टेबलांवर क्रिस्टलेटच होते. दोन बॉल एकमेकांवर हलकेच टेकवले. आजच्या बॉलचा टणत्कार नाही, जरा बसका आवाज. खोलीतले सगळे गप्प होऊन ऐकत राहिले.

ते खेळायला वापरायचे नाहीत, पेटीत ठेवायचे.

18 मे

काका आले. एका क्लबात त्यांनी चौतीस वर्षं मार्करची नोकरी केली. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, डाव्या डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी त्यांना दोन वर्षांपासून ओळखतो; ते उत्तम खेळायचे हे ऐकून होतो, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मार्कर म्हणजे काय हे नव्या मुलांना सांगावं लागतं. टेबल घासायचं, इस्त्री करायची, बॉल पुसायचे, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला टिपा बसवायच्या आणि सभासद खेळत असताना शेजारी उभं राहून गुण पुकारायचे. सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचंही. अशा तऱ्हेने काही मार्कर इतके तयार होत की सभासदांना त्यांच्यापुढे उभं राहणं जड जाई, पण हौशी स्पर्धेत पगारी माणसाला जागा नसे. काकांनी हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेले. मला मात्र ते पुढे जाऊ देता येत नाही. कोपरा जोन्स यांच्या नावाचा असला तरी असल्या माणसांनी घासलेल्या टेबलांवरच हा खेळ या देशात टिकला, हे फलकावर एका ओळीत तरी येणार.

टेबलाजवळ आल्यावर त्यांनी चपला काढल्या. मग बॉल्कच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत कापडावरून तळवा फिरवला, आणि उलट. "लव अजून आहे थोडी," म्हणाले. "पण कापड बदला. आणि अहो, ते प्लायवूड पुन्हा या टेबलावर आलेलं मला दिसता कामा नये."

27 मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. मुंबईहून येणारे मिस्त्री पुढच्या आठवड्यावर गेले. खोलीत ओल आहे. लोकरीचं कापड ओल धरतं, मग बॉल जड होतात, अर्ध्या वाटेत थांबतात आणि कुशन झोपतं. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर लावतात ते याचसाठी. आम्ही तूर्त खिडकीच्या फटी बुजवल्या आणि खोलीत दोन मोठे दिवे रात्रंदिवस लावून ठेवले.

4 जून

मिस्त्री आणि त्यांचा भाचा आले. सकाळी नऊला सुरुवात.

आधी पॉकेटच्या जाळ्या, मग कुशनचे बोल्ट. बोल्ट गंजलेले, दोन तर तेल सोडून तासभर वाट पाहिल्यावर हलले. जुनं कापड चिमट्याने एकेक बारीक खिळा उपटत काढलं. त्याखाली स्लेट उघडी पडली तेव्हा मी पहिल्यांदाच ती इतक्या जवळून पाहिली. राखाडी, थंड, हाताला किंचित ओलसर. पाच लाद्यांमधले चार सांधे जुन्या प्लॅस्टरने भरलेले, त्यातले दोन भुगा झालेले.

मग पाणसळ. मिस्त्रींची पाणसळ दोन हात लांब आहे, कापडात गुंडाळून आणलेली. ती सांध्यावर आडवी ठेवून त्यांनी भाच्याला खाली पाठवलं. "उचल. थांब. सोड. केसभर उचल." पाय आणि जमीन, स्लेट आणि चौकट यांच्यामध्ये पातळ चकत्या सरकवायच्या, शेवटी शेवटी तर पत्त्याच्या कॅटमधलं एक पान. बुडबुडा मधोमध आला की दुसरीकडे ठेवून पाहायचं, आणि तिथे तो हलतो. एकीकडे बसवलं की दुसरीकडे उठतं, पलंगपोसाच्या सुरकुतीसारखं. दुपारचे तीन वाजले. मिस्त्रींनी या वेळात एकदाही आवाज चढवला नाही.

सांधे भरले. वाळायला रात्र हवी.

5 जून

वाळलेलं प्लॅस्टर धारदार पात्याने खरवडून सपाट केलं. मिस्त्रींनी डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवलं. "नखाला लागलं तर बॉललाही लागेल," म्हणाले. दोन ठिकाणी लागलं, पुन्हा खरवडलं.

नवं कापड उलगडताना खरी चूक होता होता वाचली. भाच्याने गुंडाळी वरच्या टोकाकडून सोडली होती. लव बॉल्ककडून वरच्या टोकाकडे जायला हवी, म्हणजे तिकडे हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा गुळगुळीत जातो आणि परत येताना खरखरतो. कापड उलटं बसलं असतं तर टेबल दिसायला तसंच दिसलं असतं, पण हळू मारलेला प्रत्येक बॉल भलतीकडे वळला असता. हळू गेलेला बॉल लवेच्या कलाने किंचित झुकतो, आणि बिलियर्ड्समध्ये निम्म्याहून अधिक मार हळूच असतात. काकांच्या ते लगेच लक्षात आलं. खुर्चीतून उठले, कापडाला हात लावला, म्हणाले, "फिरवा."

ताणायला चार माणसं लागली. पॉकेटच्या तोंडाशी कापड वळवून आत घेणं हे सगळ्यांत अवघड. तिथे सुरकुती राहिली तर पॉकेट बॉल थुंकतं. संध्याकाळी सातला शेवटचा बोल्ट बसला. मेलेल्या कुशनचं रबर नवं घातलंय.

6 जून

घासणं, इस्त्री, मग परत घासणं. सगळं एकाच दिशेने. काकांनी इस्त्री आधी वर्तमानपत्रावर फिरवून पाहिली. कागद पिवळा पडला नाही तेव्हाच कापडावर टेकवली.

बॉल्कची रेषा आखली, खालच्या कुशनपासून 29 इंचांवर. तिच्यावर साडेअकरा इंच त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार डी. वरच्या कुशनपासून पावणेतेरा इंचांवर तांबड्याचा स्पॉट. हिरव्या कापडावर या खुणांपलीकडे काही नाही.

15 जून

मुलांचा पहिला वर्ग. पाच आली. पूल उत्तम खेळणारी आहेत, त्यामुळे हात तयार, पण डोळा फक्त पॉट, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा बॉल, शोधतो.

गुण आधी सांगितले. आपल्या बॉलने बाकीच्या दोन्हींना स्पर्श केला की कॅनन, दोन गुण. तांबडा पॉकेटमध्ये घातला की तीन. आणि आपला बॉल तांबड्याला लागून स्वतःच पॉकेटमध्ये गेला तर तो इन-ऑफ, त्याचेही तीन. इथे सगळी एकदम बोलली. पूलमध्ये पांढरा आत गेला की फाउल; इथे गुण? हो, इथे गुण. आणि मग तोच बॉल हातात घेऊन डीमध्ये हवा तिथे ठेवून पुढचा मार मारायचा.

काकांनी कागदाच्या तीन लहान चकत्या मागून घेतल्या. एक चकती मधल्या पॉकेटांच्या रेषेच्या अलीकडे, बॉल्कच्या बाजूला चिकटवली, तिच्यावर तांबडा. दुसरी डीमध्ये, तिच्यावर पांढरा. "तांबड्याच्या कडेकडे बघायचं," म्हणाले. "मध्याकडे नाही. पांढऱ्याचा मध्य तांबड्याच्या कडेवर. बास."

याला अर्ध्या बॉलचा मार म्हणतात. मारणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर पांढरा तांबड्याचा बरोबर अर्धा भाग झाकतो. असा लागल्यावर लोळत जाणारा पांढरा आपल्या वाटेपासून साधारण 34 अंशांत वळतो. खरी गंमत पुढे आहे. या जागी वळण्याचा कोन कमालीला पोचलेला असतो, त्यामुळे नेम थोडा जाड किंवा थोडा पातळ झाला, म्हणजे तांबडा अर्ध्याहून जरा जास्त किंवा कमी झाकला गेला, तरी कोन जवळपास तोच राहतो. कडेच्या बारीक स्पर्शात तसं नाही; तिथे केसाएवढी चूक पॉकेटापाशी वीतभर होते. म्हणजे माणसाच्या हातून चूक होणारच हे धरून या खेळाने आपला मुख्य मार निवडलाय. जुन्या खेळाडूंना ही आकडेमोड कुणी शिकवली नव्हती, पण हात लावून लावून त्यांना नेमकी हीच जागा सापडली.

काकांनी मारलं. फार हळू, क्यू जेमतेम हलला. पांढरा तांबड्याला लागला आणि उजवीकडच्या मधल्या पॉकेटात उतरला. मुलं त्याच्याकडे बघत होती. काका म्हणाले, "तिकडे नका बघू. तांबडा बघा." तांबडा सरळ वर गेला होता, वरच्या कुशनला लागला, परत फिरला, आणि संथपणे येऊन चकतीपासून चार बोटांवर थांबला.

पुन्हा पांढरा डीमध्ये. पुन्हा तोच मार. पुन्हा तांबडा वर जाऊन परत. तीन, सहा, नऊ, बारा. एक मुलगी हळूच म्हणाली, "हे तर संपणारच नाही." खरंच संपलं नसतं, म्हणून तर नियमाने आता सलग पंधरा मारांवर थांबवलंय, तेवढे झाले की मध्ये कॅनन हवाच.

मुलांनी दीड तास तेवढाच एक मार मारला. पॉकेटमध्ये बॉल लवकर जायला लागला. तांबडा जागेवर परत यायला मात्र कुणाला जमलं नाही. वेगाचा अंदाज, दुसरं काही नाही.

22 जून

फलक छापून आला आणि परत पाठवावा लागला. मजकूर आमचाच, बरोबर. पण सजावटीसाठी मागे पंधरा तांबड्यांचा त्रिकोण छापलाय आणि शीर्षकात "स्नूकरचे विश्वविजेते" अशी दुरुस्ती परस्पर केलीय. छापणाऱ्याला वाटलं आमच्याकडून चुकलं. स्नूकरची राष्ट्रीय विजेतेपदं जोन्स यांच्याकडे पाच होती, पण जग जिंकलं ते बिलियर्ड्समध्ये, आणि त्या माणसाच्या नावाखाली दुसऱ्याच खेळाचं चित्र लावणं मला सहन होणार नाही. पुन्हा छापायला दोन आठवडे.

29 जून

आजचा दिवस मोठा.

इन-ऑफने गुण होतात, पण त्यात टेबलभर फिरावं लागतं. मोठे ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग केलेले गुण, होतात ते वरच्या टोकाशी. जोन्स ज्या पातळीवर खेळले तिथे शतकी ब्रेक ही रोजची गोष्ट, आणि तो कसा होतो हे पाहिल्याशिवाय त्यांचं मोठेपण कळायचं नाही. काकांना विनंती केली. ते म्हणाले, "डोळा साथ देईल तेवढं दाखवतो."

मांडणी अशी: तांबडा त्याच्या स्पॉटवर. प्रतिस्पर्ध्याचा पिवळा त्याच्या मागे, वरच्या कुशनला जवळजवळ टेकलेला. आपला पांढरा बाजूला, हातभराच्या आत. आता तांबडा वरच्या पॉकेटात घालायचा, तीन गुण. तो काढून परत स्पॉटवर ठेवला जातो. दरम्यान पांढरा अशा जागी थांबलेला हवा की पुढच्या माराला कॅनन व्हावा, दोन गुण. आणि त्या कॅननमध्ये तांबडा पॉकेटच्या तोंडाशी सरकायला हवा, म्हणजे पुन्हा पॉट. पॉट आणि कॅननच्या एका जोडीला पाच गुण. शंभर करायचे तर अशा वीस जोड्या, चाळीस मार, आणि प्रत्येक माराला तिन्ही बॉल फार तर घोंगडीएवढ्या जागेत.

सगळ्यांत अवघड काय, असं मी काकांना विचारलं. मला वाटलं पॉट म्हणतील. "पिवळा," म्हणाले. "तो हलता कामा नये. त्याला स्पर्श तर करायचा, कॅनन त्याच्याशिवाय होत नाही. पण तो घरातून बाहेर गेला की तुमचा ब्रेक गेला." ज्याला कधीच थेट पॉकेटात घालायचं नाही, त्या बॉलची सगळ्यांत जास्त काळजी. तो घातला तर दोन गुण मिळतात, पण मग आपली पाळी संपेपर्यंत तो टेबलावर येत नाही, म्हणजे कॅनन बंद. स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान बंद करणं.

मग त्यांनी सुरुवात केली आणि सवयीने स्वतःच पुकारत गेले, आवाज न चढवता, बहुधा चौतीस वर्षं पुकारले असतील तसे. दोन. पाच. सात. दहा. बारा. पंधरा. मी त्यांच्या क्यूच्या टिपेकडे बघत होतो. मागे जेमतेम दोन बोटं जायची आणि पुढे तेवढीच. बॉल लागल्याचा आवाज कधी कधी ऐकूच यायचा नाही. सतरा, वीस. तेविसाव्या मिनिटाला, हो, घड्याळ लावलं होतं, पिवळा कुशनपासून वीतभर सुटला. त्यांनी थांबून त्याच्याकडे पाहिलं, एक लांबचा कॅनन मारून तो परत आणायचा प्रयत्न केला, हुकला. सत्तेचाळीस.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी क्यू भिंतीला लावला, चष्मा काढून पुसला. "जोन्ससाहेब खेळत त्या टेबलाजवळ उभं राहणारा मार्कर दमायचा," म्हणाले, "खेळणारा नाही." आणि चहा मागितला.

मी नंतर एकटाच थांबून प्रयत्न केला. दोन, पाच, आणि पिवळा गेला. दहा वेळा तेच. रात्री साडेनऊला पहिल्यांदा बारापर्यंत पोचलो.

6 जुलै

समितीत वाद. एक सभासद म्हणाले, फलकावर जगातला सर्वांत मोठा ब्रेक लिहा, लोकांना आवडेल. वॉल्टर लिंडरम यांचा 1932 चा 4137 चा ब्रेक हा आकडा डोळे फिरवणारा आहे यात शंका नाही. कुशनच्या कडेने तिन्ही बॉल जवळ ठेवून टिचकीसारखे शेकडो कॅनन मारत जायचं हे त्यांचं हत्यार; ते आवरायला नियम करावे लागले आणि आज सलग पंच्याहत्तर कॅननवर मर्यादा आहे. पण हा कोपरा लिंडरम यांचा नाही. वगळलं. भारतातली पुढची वाट मात्र एका ओळीत ठेवतोय: मायकेल फरेरा 1977 मध्ये जागतिक हौशी विजेते झाले आणि 1978 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी 1149 चा ब्रेक केला, 1985 ला गीत सेठी जिंकले.

13 जुलै

फलकाचा मजकूर पक्का. आकडे खाली, बारीक अक्षरात. वर हे घेतलंय: 1951, 1952 आणि 1954 च्या जागतिक स्पर्धा अनुक्रमे मार्शल, ड्रिफील्ड आणि क्लिअरी यांनी जिंकल्या. दोघे ऑस्ट्रेलियाचे, एक इंग्लंडचा. साहेबाने क्लबातून इथे आणलेला खेळ, साहेबाच्या मुलखातलेच विजेते. 1958 ला तो क्रम पुण्यात जन्मलेल्या छत्तीस वर्षांच्या माणसाने मोडला. दोन वर्षांनी विजेतेपद परत इंग्लंडला गेलं, पुढे ऑस्ट्रेलियाला. आणि 1964 ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जोन्स न्यूझीलंडला जाऊन ते पुन्हा घेऊन आले.

मला दुसरं विजेतेपद अधिक मोठं वाटतं. पहिलं आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर. दुसरं हजारो मैल दूर, परक्या टेबलावर. कापड परकं, कुशन परकं, हवा परकी. तांबडा वर जाऊन किती परत येतो हे सगळं नव्याने हाताला शिकवायचं. हे वाक्य फलकावर घेतलं. चार जणांनी वाचलं, त्यातल्या दोघांनी आपणहून टेबलावर जाऊन तो मार मारून पाहिला.

मार्करांची ओळही आहे. काकांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, काही बोलले नाहीत, खिशातला रुमाल काढला.

20 जुलै

नवा फलक आला. या वेळी बरोबर. मागे तीनच बॉल.

27 जुलै

खोली खुली केली. भाषणं नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. दारातून आत आलं की उजवीकडे पेटीत क्रिस्टलेटचे तीन बॉल, समोर टेबल, आणि टेबलावर कागदाच्या दोन चकत्या: एक डीमध्ये, एक तांबड्यासाठी. भिंतीवर छोटी पाटी, "तांबड्याच्या कडेकडे बघा."

पावसामुळे गर्दी होणार नाही असं वाटलं होतं, पण चाळीसेक माणसं आली. छत्र्यांचं पाणी कापडावर जाऊ नये म्हणून दाराशी एक मुलगा उभा केला. पूलवाली मुलं आज पाहुण्यांना शिकवत होती. "पांढरा आत गेला तर गुण," हे सांगताना त्यांना भारी मजा येत होती.

दुपारी एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचा हात टेबलावर नीट पोचत नव्हता, क्यूला टेकू देणारी रेस्ट दिली. पहिले चार मार फुकट गेले. पाचव्याला पांढरा तांबड्याला लागून मधल्या पॉकेटापाशी गेला, तोंडावर क्षणभर घुटमळला आणि पडला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काकांचा आवाज आला, "तीन."

मुलीने वळून पाहिलं. पॉकेटात हात घालून बॉल काढला, डीमध्ये ठेवला, परत वाकली.

सात वाजता बंद केलं. वहीत आज लोकांनी आपापले ब्रेक लिहिलेत. सर्वांत मोठा 21, स्नूकर खेळणाऱ्या मुलाचा, सातही इन-ऑफ. काकांनी स्वतःचं नाव लिहू दिलं नाही.

टेबलावर चादर घातली. कापड दुपारपासून जड झालंय, दिवे रात्री चालू ठेवलेत. उद्या सकाळी आठला घासून इस्त्री करायची, बॉल्ककडून वर.